मायक्रोवेव्हच्या दारातून आतलं दिसतं, मग लहरी बाहेर का येत नाहीत?

मेथीची_जुडी

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, लेकीचा आहे, पण उत्तर देता देता माझीच विकेट पडली म्हणून इथे टाकतेय.

लेक नववीत आहे. काल रात्री मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजत होतो (तळण कमी करायचं खूळ सध्या घरात शिरलंय) आणि ही दाराला नाक लावून आत बघत उभी. सासूबाई नेहमीप्रमाणे "अगं लांब हो, लहरी लागतील" म्हणून ओरडल्या, त्या स्वतः मशीन सुरू झालं की हॉलमध्ये जाऊन बसतात आणि टिंग वाजल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. त्यावर ही म्हणे, आजी दाराला जाळी असते, लहरी आतच राहतात. झालं, आजी गप्प. पण दोन मिनिटांनी स्वतःच माझ्याकडे आली, आई, क्लासमध्ये तर सांगितलंय की प्रकाश आणि मायक्रोवेव्ह दोन्ही विद्युतचुंबकीय लहरीच, जातकुळी एकच, मग आतल्या दिव्याचा उजेड त्या भोकांतून आरामात बाहेर येतो आणि मायक्रोवेव्ह का येत नाही? एका भावाला दार उघडं आणि दुसऱ्याला बंद?

मी कॉमर्सवाली. "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. तो उद्या आज आहे.

अजून एक. फिरणाऱ्या प्लेटखालची चाकांची रिंग घासायला काढली होती ती परत बसवायची राहिली, त्यामुळे प्लेट फिरलीच नाही आणि पापड जागोजागी मस्त फुललेला आणि मधे मधे ठार कच्चा. ठिपके ठिपके. ह्याचाही त्याच्याशी काही संबंध आहे का, की पापडच खराब?

---

चहागाळणी

सोप्पंय. मायक्रोवेव्हची लहर १२ सेंटीमीटर लांब, जाळीचं भोक दीड-दोन मिलिमीटर. मावणारच नाही. प्रकाशाची लहर एकदम बारीक, ती पार होते. चहाचा चोथा गाळणीत राहतो आणि चहा खाली येतो तसं. माझ्या आयडीवरून कळलं असेलच मी ह्या विषयातला तज्ज्ञ आहे :)

---

काळजीवाहू_सरकार

गाळणीसाहेब इतकं सोपं नाहीये. सगळ्या मशीनमधून थोडं लीक होतंच. टेस्ट सांगतो, आमच्या ग्रुपवर आली होती, मोबाईल आत ठेवायचा, दार लावायचं (मशीन बंदच ठेवायचं, नाहीतर कोणीतरी शहाणा चालू करायचा) आणि दुसऱ्या फोनवरून रिंग द्यायची. रिंग वाजली तर लहरी आत गेल्या, म्हणजे बाहेरही येणार. आमच्याकडे वाजली!! तेव्हापासून आम्ही तो फक्त पाव ठेवायला वापरतो. सासूबाईंचं ऐका. आणि टॉवर, वायफाय ह्या सगळ्याबद्दल पण कोणीतरी नीट लिहा, नुसती थट्टा नको.

---

आडगावचा_मास्तर

ताई, लेकीला शाबासकी द्या, "एका भावाला दार उघडं" हा प्रश्न पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला एकाही पोरानं विचारला नाही. जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

आधी गाळणीवाल्यांची गाळणी काढून घेतो. आकड्यांत तुम्ही बरोबर आहात, पण "मावत नाही" हे कारण बरोबर नाही. पुस्तकात आपण लहर म्हणून नागमोडी रेघ काढतो आणि पोरांना वाटतं की काहीतरी सापासारखं वळवळत चाललंय आणि ते भोकाच्या कडेला धडकतं. तसं काही नसतं. ती रेघ हा आलेख आहे, एखाद्या ठिकाणी विद्युतक्षेत्र किती जोरात आणि कुठल्या बाजूला आहे ह्याचा. वर-खाली कुठलीही वस्तू हलत नाही. आणि १२ सेंटीमीटर ही लांबी लहर जिकडे चालली त्या दिशेनं मोजलेली, ती काही लहरीची रुंदी नव्हे. शिवाय मावण्या-न मावण्याचा प्रश्न असता तर खिडकीच्या काचेला कुठे भोकं आहेत हो? तरी उजेड येतोच ना घरात.

खरं काय होतं ते बघा. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. मायक्रोवेव्ह पत्र्यावर आली की तिचं क्षेत्र त्या इलेक्ट्रॉनांना इकडून तिकडे ढकलायला लागतं, सेकंदाला २४५ कोटी वेळा (मशीनवर मागे २४५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, तेच हे). असे हलणारे इलेक्ट्रॉन स्वतःच लहरी सोडतात आणि त्या अशा जुळतात की पत्र्याच्या पलीकडे मूळ लहर खोडली जाते आणि अलीकडे परत फिरते. ह्यालाच आपण परावर्तन म्हणतो. आता पत्र्याला बारीक भोक पाडलं तर इलेक्ट्रॉन काय करतात, भोकाला जरासा वळसा घालतात आणि आपलं काम चालू ठेवतात, रस्त्यात खड्डा आला की टू-व्हीलरवाला घालतो तसा. १२ सेंटीमीटरच्या लहरीला दोन मिलिमीटरचा खड्डा जाणवतही नाही. क्षेत्र त्या भोकातून इवलंसं बाहेर डोकावतं खरं, पण भोकाच्या रुंदीइतक्या अंतरातच विरून जातं.

उजेडाचं उलट आहे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. दीड मिलिमीटरचं भोक त्याच्या हिशेबात ३००० लहरी रुंद, दरवाजा कसला, मैदानच ते. भोकाच्या मधून जाणाऱ्या प्रकाशाला आजूबाजूला धातू आहे ह्याची खबरही नसते. म्हणजे भाऊ सख्खेच आहेत, दारही एकच, फरक फक्त ज्याच्या त्याच्या मापाचा.

आता "पारदर्शक" ह्या शब्दाबद्दल. हा शब्द आपण अर्धाच वापरतो. कुणासाठी पारदर्शक ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. खिडकीची काच दृश्य प्रकाशाला पारदर्शक, पण आपल्या अंगातून जी उष्णतेची अवरक्त किरणं निघतात त्यांना काच म्हणजे भिंत. थर्मल कॅमेऱ्यापुढे काच धरली तर मागचा माणूस गायब. आणि कचऱ्याची काळी प्लॅस्टिकची पातळ पिशवी डोळ्यांना अपारदर्शक, पण त्याच कॅमेऱ्याला आरपार दिसते! पिशवीत हात घातला तर पाची बोटं स्पष्ट. अतिनीलचंही तसंच, ड जीवनसत्त्व तयार करणारी जी किरणं, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरची, ती साध्या काचेतून जवळजवळ येत नाहीत, त्यामुळे हिवाळ्यात बंद खिडकीमागे उन्हात बसून ऊब मिळते, ड जीवनसत्त्व नाही. क्ष-किरण तर मांसातून जातात आणि हाडाशी अडतात. आपल्याला जे दिसतं ते ४०० ते ७०० नॅनोमीटर, आणि त्या चिंचोळ्या फटीतून बघून आपण ठरवतो की ही वस्तू आरपार आणि ती नाही.

जाता जाता एक. ह्या मिलिमीटर-सेंटीमीटरवाल्या लहरींवर सुरुवातीचं मोठं काम आपल्याकडे कलकत्त्यात झालं. जगदीशचंद्र बोस, १८९५ च्या आसपास, तरंगलांबी ५ मिलिमीटरपर्यंत खाली आणलेली. त्यांनी ह्या लहरींसाठी ध्रुवक म्हणजे पोलरायझर (क्षेत्र ठरावीक दिशेनं हलत असेल तरच लहर पुढे सोडणारा) कशाचा केला तर रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पुस्तकाचा, पानांमध्ये कथलाचा वर्ख घालून! पुस्तक आडवं धरलं तर लहर पार, उभं धरलं तर अडली. मला तर ह्या गोष्टीत अख्खा अभ्यासक्रम दिसतो. वर्गात मी वहीच्या पानांत चॉकलेटच्या चांद्या घालून दाखवायचो, लहरी काही नव्हत्या आमच्याकडे, पण पोरं वही बघून खूश.

पापडाच्या ठिपक्यांचं नंतर लिहितो, तो विषय वेगळ्या चहाचा आहे. रिंग परत बसवू नका एवढंच आत्ता सांगतो.

---

चहागाळणी

मास्तर, गाळणी परत केली. पण मग भोकाचा आकारच महत्त्वाचा ना शेवटी? मी म्हणलो त्यात चुकलं काय?

---

आडगावचा_मास्तर

नाही, तिथेच तर गंमत आहे. गोल भोक आणि चीर ह्यात फरक करा. २ मिलिमीटरचं भोक निरुपद्रवी. पण त्याच पत्र्याला केसाएवढी बारीक आणि ६ सेंटीमीटर लांब चीर पडली तर? तुमच्या गाळणीच्या हिशेबानं काहीच बाहेर यायला नको कारण चीर बारीक. प्रत्यक्षात लहर धो धो बाहेर येईल, कारण चिरेला आडव्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांना वळसा घालायला जागाच राहत नाही आणि चीर स्वतःच अँटेनासारखी वागायला लागते. अर्ध्या तरंगलांबीच्या चिरेचे अँटेना मुद्दाम बनवतातही.

---

फ्यूज_उडाला

इथे माझी एंट्री :) गेली अठरा वर्षं हीच मशीनं उघडतोय.

मास्तर चिरेचं बोलले ते आमच्या धंद्यातलं गुपित आहे. दार आणि बॉडीमध्ये जी चौकटभर फट राहते ना, लोकांना वाटतं ती धातूला धातू चिकटून बंद होते. नाही. कागद सरकेल एवढी फट असतेच. दाराच्या कडेनं जी प्लॅस्टिकची पट्टी दिसते तिच्यामागे एक खाच असते, साधारण ३ सेंटीमीटर खोलीच्या हिशेबाची, म्हणजे तरंगलांबीचा पाव भाग. फटीतून निसटू पाहणारी लहर त्या खाचेत शिरते, आत आपटून परत येते आणि मागून येणाऱ्या लहरीला बरोबर उलटी पडून तिला मारते. आम्ही चोक म्हणतो त्याला. म्हणजे ती फट धातूनं बंद केलेली नाहीच, हिशेबानं बंद केलेली आहे.

त्यामुळे काळजीवाहू साहेब तुमची रिंग वाजणारच. एक तर तो चोक २४५० ला जुळवलेला, तुमचा फोन ९०० नाहीतर १८०० वर बोलत असेल, त्याच्यासाठी ती फट उघडीच. दुसरं म्हणजे फोनला ऐकायला लागतंच किती, एका वॅटच्या लाख कोटीव्या भागाहून कमी सिग्नल आला तरी तो वाजतो. हजार पटींनी, लाख पटींनी लहर दाबली तरी टॉवरजवळच्या घरात फोन वाजेल. ह्या टेस्टनं मशीन फेल करायचं तर जगातलं एकही पास होणार नाही. खरं मोजायला लीकेज मीटर येतो. अमेरिकेत नियम असा आहे की मशीन कितीही जुनं झालं तरी ५ सेंटीमीटरवर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॉटच्या वर जाता कामा नये, आणि लांब गेलात की ते अजून झपाट्यानं कमी होतं. पाव बाहेर काढा आणि मशीन वापरा.

बघायचं काय ते सांगतो. दाराची बिजागरी ढिली, दार एका बाजूला झुकलेलं, काचेमागची जाळी गंजून फाटलेली, कडेला खरकटं साठून दार नीट न बसणं. ह्यातलं काही असेल तर वापरू नका. आतल्या भिंतीवर जो पुठ्ठ्यासारखा तुकडा असतो तो पुठ्ठा नाही, मायका शीट आहे, कृपया काढून फेकू नका, महिन्यातून एक तरी गिऱ्हाईक फेकून येतं. त्याच्यावर तेल-मसाला साठला की तिथं ठिणग्या उडतात, नवीन कापून बसवली की काम झालं. आणि मागचं कव्हर घरी उघडू नका. प्लग काढला तरी आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा डबा, चार्ज धरून बसतो, २००० व्होल्टच्या वरचा. लहरींना घाबरणारे लोक स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत हात घालताना मी बघितलेत.

---

काळजीवाहू_सरकार

बरं, रिंगचं पटलं. पण हे रेडिएशनच ना शेवटी? क्ष-किरण पण ह्याच पट्ट्यातले म्हणताय. मग एकाला डॉक्टर शिशाचा एप्रन घालतात आणि दुसऱ्यात आम्ही आमटी गरम करायची?

---

आडगावचा_मास्तर

रास्त प्रश्न. पट्टा एकच, पण दोन टोकांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. प्रकाश पुड्यापुड्यांनी येतो, फोटॉन म्हणतात त्या पुडीला, आणि एका पुडीत किती ऊर्जा हे वारंवारतेवर, म्हणजे क्षेत्र सेकंदाला किती वेळा पलटतं त्यावर, ठरतं. मायक्रोवेव्हची एक पुडी हिरव्या प्रकाशाच्या पुडीपेक्षा जवळपास सव्वादोन लाख पटींनी दुबळी. आणि क्ष-किरणांची पुडी हिरव्या प्रकाशाच्या हजारो पट जोरकस. डीएनएमधला बंध तोडायचा, इलेक्ट्रॉन उडवायचा तर एका पुडीतच तेवढा दम लागतो. झाडावरची कैरी पाडायला एक नेमका दगड पुरतो, कापसाचे बोळे पोतंभर मारले तरी कैरी हलत नाही. दगडाची जात अतिनीलच्या वरच्या टोकापासून सुरू होते आणि गॅमापर्यंत जाते. मायक्रोवेव्ह, वायफाय, एफएम हे सगळे बोळे. आणि तसं बघितलं तर आमटीच्या मशीनमधला दिवा जी किरणं तुमच्या डोळ्यात पाठवतो तीच ह्या सगळ्यांत पुडीमागे जास्त ताकदीची.

पण बोळे काहीच करत नाहीत असं नाही. पोतंच्या पोतं मारलं की ऊब येते. मायक्रोवेव्हचं काम तेवढंच, पाण्याचे रेणू एका टोकाला जरा धन, दुसऱ्या टोकाला ऋण असतात, क्षेत्र सारखं पलटलं की ते त्याच्यामागे वळायला बघतात, शेजाऱ्यांना धक्के देतात, त्यातून उष्णता. (२४५० हा पाण्याचा खास सूर आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते चूक आहे. पाणी ह्याहून बऱ्याच वरच्या वारंवारतेला जास्त शोषतं, पण मग सगळी उष्णता वरच्या थरातच संपली असती.) म्हणून थेट भरपूर मायक्रोवेव्ह अंगावर आली तर भाजेल, डोळ्यांना इजा होईल, त्यात शंका नाही, दार उघडताच मशीन बंद पडतं ते त्यासाठीच. पण दार उघडल्यावर आत काही साठून राहत नाही, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही तसंच. अन्न किरणोत्सर्गी होत नाही.

मोबाईलबद्दल, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ साली रेडिओ लहरी "२बी" गटात टाकल्या हे खरं. त्या गटाचा अर्थ, पुरावा अपुरा, पण शक्यता पूर्ण खोडताही येत नाही. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. त्यावरून काय घ्यायचं ते घ्या, मी लोणचं सोडलेलं नाही.

---

टोमॅटो_मार्केट

मी नारायणगावचा, त्यामुळे जाळीवर बोलायचा पहिला हक्क आमचा.

इथून जवळ खोडदला ती जीएमआरटी, आकाशातल्या रेडिओ लहरी पकडणारी दुर्बीण आहे, ३० डिश, एकेक ४५ मीटर रुंदीची, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. हायवेवरून, द्राक्षाच्या बागांमधून दिसतात. लहानपणी वाटायचं की भली मोठी भांडी उताणी ठेवलीत. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आत सोडतात, शाळेतून नेलेलं तेव्हा पहिल्यांदा डिशच्या खाली उभा राहिलो आणि वर बघितलं तर डिशच नाही! सगळं आभाळ दिसतंय. डिश म्हणजे पत्रा नव्हेच, स्टीलच्या बारीक तारांची जाळी, भोकं सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरची, खुराड्याला लावतो तशीच जवळजवळ, दोरखंडासारख्या तारांवर ताणून बसवलेली. मला तर फसवल्यासारखं झालं. तिथल्या एका दादांना विचारलं की ह्यातून तर चिमणीचं पिल्लू पण जाईल, आकाशातल्या लहरी कशा थांबतील. ते म्हणाले, आम्ही ज्या लहरी पकडतो त्यातली सगळ्यात आखूड २१ सेंटीमीटरची, हायड्रोजनची, आणि लांब त्या दोन मीटरपर्यंत. तिला ही जाळी म्हणजे गुळगुळीत आरसा. वाऱ्याला मात्र ही जाळी नाहीच, तो आरपार जातो, म्हणून डिश हलकी झाली आणि स्वस्तही. ही दुर्बीण उभी करणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप ह्यांची ती आयडिया. घन पत्र्याची केली असती तर वाऱ्यानं ढकलायची आणि तिला धरायला लोखंड किती लागलं असतं.

म्हणजे तुमच्या दारातला प्रकार आणि आमच्या शेतातला प्रकार एकच. तुम्ही जाळीनं लहर आत कोंडता, आमच्याकडे जाळीनं गोळा करतात. फोन मात्र गेटवरच बंद करायला लावतात, अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरीपुढे आपला एक फोन म्हणजे कानाशी फटाका.

---

घाटातला_ड्रायव्हर

मस्त धागा. हे वाचून एक जुनी गोष्ट टोटल लागली. जुन्या गाडीला एएम-एफएम दोन्हीवाला रेडिओ होता. पुणे केंद्र लावायचो, मिडीयम वेव्ह, ७९२ किलोहर्ट्झ. एक्स्प्रेसवेवर बोगद्यात शिरलो रे शिरलो की खर्र, निवेदकबाई शब्दाच्या मध्येच गप. तेच एफएम १०१ लावलं असलं तर बोगद्यात बऱ्यापैकी आतपर्यंत गाणं चालायचं आणि मग हळूहळू जायचं. मला वाटायचं एफएम नवीन टेक्निक म्हणून भारी. आता हिशोब केला, ७९२ ची लहर ३७९ मीटरची आणि १०१ मेगाहर्ट्झची ३ मीटरची. म्हणजे मिडीयम वेव्हसाठी अख्खा बोगदा हेच दाराच्या जाळीतलं एक भोक झालं का? मास्तर, पास का नापास?

---

आडगावचा_मास्तर

पास, आणि पहिल्या बाकावर बसा. एवढंच की डोंगर काही धातू नव्हे, तो लहर परत फिरवण्याऐवजी बरीचशी पिऊन टाकतो, पण हिशेब तोच.

आता पापड. मेथीताई, तुमचा पापड खराब नाही, त्यानं तुम्हाला लहरीचा फोटो काढून दिलाय. आतल्या भिंतींवर आपटून लहरी एकमेकींवर पडतात आणि जागच्या जागी उभ्या राहिल्यासारख्या होतात, काही ठिकाणी क्षेत्र जोरात, काही ठिकाणी जवळजवळ शून्य. गिटारची तार छेडल्यावर मधला भाग थरथरतो आणि टोकं स्थिर राहतात तसं. जोराच्या जागी पापड फुलतो, शून्याच्या जागी कच्चा. प्लेट फिरवतात ती ह्याच जागा सगळीकडे वाटल्या जाव्यात म्हणून. दोन जोराच्या जागांतलं अंतर अर्धी तरंगलांबी.

तर करा असं. रिंग काढलेलीच ठेवा, एक सपाट काचेची ताटली ठेवून तिच्यावर कच्चे पापड शेजारी शेजारी मांडा, कडा जरा एकमेकांवर, म्हणजे जागा मोठी मिळेल. २० सेकंद लावा, पहिले ठिपके उठले की लगेच बंद, जास्त ठेवलंत तर सगळंच फुलेल नाहीतर जळेल. समोरून हलायचं नाही. मग पट्टीनं लगतच्या ठिपक्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, चार-पाच जोड्या, सरासरी काढा, दुप्पट करा, आणि तिला मशीनमागच्या वारंवारतेनं गुणा. जे येईल ते लेकीला ओळखू द्या, तुम्ही सांगू नका.

---

फ्यूज_उडाला

काही मॉडेलमध्ये प्लेट फिरतच नाही, लहरी पसरवायला वर किंवा खाली पंखा असतो, त्यात हे ठिपके येणार नाहीत, उगाच पापडाचं पाकीट संपवू नका.

---

मेथीची_जुडी

आमचं प्लेटवालंच आहे. रविवारी केला प्रयोग, रिपोर्ट देते.

पहिली खेप वाया, मी फोन घ्यायला गेले आणि चार पापडांचा कोळसा. दुसऱ्या खेपेला लेक स्वतः बटणावर बोट ठेवून. अठराव्या सेकंदाला पहिला ठिपका उठला, पांढरा, रुपयाएवढा, मग त्याच्या उजवीकडे दुसरा, मग खाली एक, आणि मधे अख्खी पट्टी तशीच पिवळट कच्ची. बंद केलं. तेवढ्यात सासूबाई आत आल्या, लहरी बिहरी विसरून, "उडदाचे पापड आहेत, लग्नघरचे, खेळायला आणलेत का" म्हणून. आणि मग पट्टी कोण धरणार म्हणताना त्यांनीच धरली, कारण माझा चष्मा सापडेना.

मापं आली साडेपाच, सहा, साडेसहा आणि सात सेंटीमीटर. सरासरी ६.२५, दुप्पट १२.५. गुणिले २४५ कोटी (एका लहरीची लांबी गुणिले सेकंदाला किती लहरी, म्हणजे वेग). कॅल्क्युलेटरवर इतकी शून्यं आली की लेक आधी वैतागली, मग सेंटीमीटरचे किलोमीटर केले तर सेकंदाला ३ लाख ६ हजार. ती दोन मिनिटं कागदाकडे बघत बसली आणि मग पुस्तक आणायला आत पळाली. पुस्तकात ३ लाख! पापडानं प्रकाशाचा वेग!! ती म्हणते, आई पण मी तर मायक्रोवेव्हचा वेग मोजला, प्रकाशाचा कसा आला? आणि मी काही बोलायच्या आधीच "अच्छा, भाऊ आहेत ना" म्हणून स्वतःच हसली.

सासूबाईंचं म्हणणं, एवढ्या वेगानं जात असेल तर हॉलमध्ये जाऊन बसण्यात काय अर्थ. पण गेल्याच.

---

आडगावचा_मास्तर

दोन टक्क्यांत आलात, ह्यात थोडं नशीब आहे हेही तिला सांगा. ते ठिपके खरं तर तिन्ही दिशांना पसरलेले असतात, आपण त्यातला एक आडवा काप बघतो, त्यामुळे कधी ५ तर कधी ८ पण येतात. म्हणूनच आता ताटलीखाली एक वाटी उपडी ठेवून ती तीन-चार सेंटीमीटर वर घ्या आणि परत करा, ठिपक्यांच्या जागा बदलतात का बघायला सांगा. आधीचा फोटो जपून ठेवा, शेजारी ठेवून बघायला लागेल.

---

मेथीची_जुडी

पापड संपलेत. सासूबाईंनी उरलेलं पाकीट लपवलंय. दुसरं काय चालेल?

---

टोमॅटो_मार्केट

चॉकलेट, चीजच्या स्लाईस. वितळलेला ठिपका लगेच कळतो. टोमॅटो नको, फुटतात, अनुभव आहे.